आधी थांबवा, मग सुरू करा: वर्षानुवर्षं उभी असलेली पॅकार्ड रोडस्टर रस्त्यावर आणताना

मिशिगनमधल्या माझ्या शेजारच्या आजोबांनी शेडचं दार सरकवलं, तेव्हा आधी दिसला तो चाकाच्या मधोमध असलेला लाल षटकोन. बाकी सगळी गाडी ताडपत्रीखाली. पॅकार्ड, मॉडेल ७३३, रोडस्टर, म्हणजे पक्कं छत नसलेली उघडी गाडी, १९३० ची. सव्वीस वर्षं जागची हलली नव्हती. आजोबांना ती नातीच्या लग्नाआधी चालती करून हवी होती आणि मी गाड्यांच्या धंद्यात इंजिनिअर आहे एवढ्या भांडवलावर त्यांनी मला बोलावलं होतं.

त्या रात्री कोल्हापूरला फोन लावला. आण्णांनी तिथे चाळीस वर्षं गॅरेज चालवलं. जीप, ॲम्बॅसेडर, मेटॅडोर, येईल ती गाडी. मी उत्साहात प्लग, कार्बोरेटर, टायमिंग सुरू केलं. त्यांनी मध्येच तोडलं. "इंजिनाचं काय घेऊन बसलायस? सुरू झाली तर उभी कशी करणार, ते सांग आधी."

या लेखातल्या कामांचा क्रम त्या प्रश्नातून आला आहे. इंजिन सुरू करणं इथे जवळजवळ शेवटी येतं. ज्यांना पहिल्याच दिवशी बॅटरी लावून सेल्फ मारायची घाई आहे, त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: ही गाडी उभी राहून जितकी खराब होते, त्याहून जास्त खराब पहिल्या पाच मिनिटांत होऊ शकते.

गाडी नेमकी कोणती, ते ठरवा

पॅकार्डची सुरुवात १८९९ साली ओहायोतल्या वॉरन गावी झाली, १९०३ मध्ये कारखाना डेट्रॉइटला गेला. १९३० च्या सुमाराला अमेरिकेत श्रीमंताची गाडी म्हटलं की हे नाव आधी येई. "ज्याच्याकडे आहे त्यालाच विचारा" ही त्यांची जाहिरातीतली ओळ होती, आणि सुटे भाग शोधताना आजही तोच सल्ला कामाला येतो.

पॅकार्डचा हिशोब वर्षाने नाही, सिरीजने चालतो. सातवी सिरीज ऑगस्ट १९२९ मध्ये बाजारात आली, म्हणून त्यातली मॉडेलं ७२६, ७३३, ७४०, ७४५ वगैरे. पहिला आकडा सिरीजचा. पुढच्या वर्षी ८२६, ८३३ असं. बाराव्या सिरीजनंतर एकदम चौदावी आली, तेरावी कधी निघालीच नाही. डेट्रॉइटच्या साहेबालाही तेराचं वावडं असावं, आपण उगाच मांजराला नावं ठेवतो. व्यवहारात याचा अर्थ असा की कागदावर "१९३०" लिहिलंय म्हणून भाग मागवू नका. इथे कित्येक जुन्या गाड्यांच्या कागदांवर ती विकली गेली ते साल असतं. सिरीज आणि मॉडेल सांगा, मगच पैसे पाठवा.

आता बोनेट उघडा आणि इंजिनामागच्या पत्र्यावर, म्हणजे फायरवॉलवर, एक छोटी पाटी शोधा. त्या पाटीवर गाडीचा नंबर असतो आणि बऱ्याचदा कोणत्या शहरातल्या कोणत्या डीलरने कोणत्या तारखेला ती दिली, हेही ठोकलेलं असतं. इंजिनाचा नंबर क्रँककेसवर वेगळा असतो. दोन्हीचे फोटो काढून पॅकार्डच्या जाणकारांना दाखवा. यात आळस नको. उघड्या गाड्यांना बंद गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त भाव, म्हणून सेडानची चासी घेऊन तिच्यावर रोडस्टरची बॉडी चढवण्याचे प्रकार पूर्वीपासून होत आले आहेत. तशी गाडी वाईट असते असं नाही, पण किंमत वेगळी.

रोडस्टर ओळखायची खूण सोपी आहे: दाराच्या आत वरखाली होणारी काच नसते. पाऊस आला तर हूड ओढायचं आणि बाजूला पारदर्शक पडदे बटणांनी लावायचे. दारात काच असेल तर ती कन्व्हर्टिबल कूपे. मागे डिकीसारखं दिसणारं झाकण उघडून दोघांना उघड्यावर बसवायची सोय असते. तिला आपल्याकडे डिकी सीट म्हणायचे, अमेरिकेत रंबल सीट म्हणतात.

लाकूड तपासा

या काळातल्या बॉडीचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो. रोडस्टरला छत नाही, त्यामुळे सगळा भार दाराखालच्या पट्ट्यांवर आणि बिजागरीच्या खांबांवर येतो. दार अर्धं उघडा, टोकाला धरून हलकेच वर उचला. फक्त बिजागरी खुळखुळली तर पिन बदलून भागेल. खांबासकट पत्रा हलला तर आतलं लाकूड गेलं, आणि ते काम मेकॅनिकचं नाही, सुताराचं आहे. एकदा बंद दाराच्या फटी नीट बघा. फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसली तर बॉडी मध्ये बसली आहे.

चाकं लाकडी आऱ्यांची असतील तर जॅक लावून चाक दोन हातांनी जोरात हलवा आणि कान द्या. सुकलेला आरा कुरकुरतो. कुरकुरणाऱ्या चाकावर गाडी रस्त्यावर नेऊ नका; बैलगाडीचं चाक पाण्यात भिजवून घट्ट करतात तसला उपाय इथे चालत नाही. तारेच्या आऱ्यांचं चाक असेल तर पेन्सिलीने एकेक आरा वाजवून बघा, सैल आरा बद्द बोलतो. टायरच्या नक्षीवर जाऊ नका. सव्वीस वर्षांचं टायर कितीही नवं दिसो, ते फेकायचंच.

ब्रेक: इथे आठवडा घालवा

पॅकार्डच्या मोठ्या गाड्यांना हायड्रॉलिक ब्रेक १९३७ मध्ये मिळाले. ७३३ चे ब्रेक पूर्ण यांत्रिक आहेत. पेडलपासून चारही चाकांपर्यंत सळ्या, लिव्हर आणि पिना. ऑइल गळण्याची भानगड नाही, पण एकेका पिनेची झीज बेरजेत पुढे सरकते आणि पायाखाली दोन इंच पेडल नुसतंच खाली जातं.

गाडी सपाट जागी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर कधीच नको, माणसं मेली आहेत. ड्रम काढा. आतली धूळ फुंकू नका आणि कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. लायनरवर ग्रीस किंवा ऑइल चढलं असेल तर पेट्रोलने धुऊन परत लावायचा मोह होतो. धुतलेला लायनर गरम झाला की आतलं तेल पुन्हा बाहेर येतं. बदलाच.

मग सळ्या. प्रत्येक पिन काढा, बोटाने भोक चाचपा. गोल भोक लांबट झालं असेल तर बुश घाला, नवी पिन घाला. मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा सगळ्या जागेवर हव्यात, एखादी नसेल तर ते चाक घासत राहील.

आता जुळवणी. हे नवीन माणूस नेमकं उलट करतो. लायनर झिजून पेडल खाली गेलं की तो सळी आखडून घेतो. सळी आखडली की लिव्हरचा कोन बिघडतो, आणि कोन बिघडला की पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. लायनरची झीज चाकाजवळच्या ॲडजस्टरनेच काढायची. सळ्यांची लांबी फक्त एवढ्यासाठी, की पेडल मोकळं असताना सगळे लिव्हर आपापल्या मूळ जागी टेकलेले असावेत. हे झालं की एकाला पेडल एका ठरावीक खोलीवर दाबून धरायला सांगा. पेडल आणि सीटच्या मध्ये लाकडाची पट्टी अडकवली तर आणखी चांगलं. मग चारही चाकं हाताने फिरवून बघा. डावं-उजवं सारखं जड लागलं पाहिजे. मला हे जुळवायला तीन संध्याकाळी लागल्या. आजोबा पेडलवर बसून प्रत्येक वेळी विचारायचे, "आता इंजिन?"

वंगणाची दांडी

पॅकार्डची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. त्या काळच्या गाडीला दोन-तीन डझन ठिकाणी ग्रीस मारावं लागायचं. पॅकार्डने त्याऐवजी बिजूर कंपनीची मध्यवर्ती वंगण व्यवस्था बसवली. ड्रायव्हरने दिवसातून एकदा दांडी ओढायची. पंप ऑइलचा एक घोट बारीक नळ्यांतून पाट्यांच्या शॅकलपर्यंत आणि स्टिअरिंगच्या सांध्यांपर्यंत ढकलतो. प्रत्येक नळीच्या टोकाला छोटी तोटी असते, ती कुठे किती थेंब पडायचे ते ठरवते.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीत हे ऑइल गोंदासारखं होतं आणि तोट्या बसतात. दांडी ओढली की ओढल्यासारखी वाटते, पण तेल जवळच्याच दोन ठिकाणी जातं आणि शेवटचा किंग पिन, म्हणजे पुढचं चाक ज्याच्यावर वळतं ती पिन, कोरडाच राहतो. त्यामुळे टाकी साफ करून नवं ऑइल भरा, मग एकेका तोटीजवळ कोरडा कागद धरून दांडी ओढा. ज्या कागदावर डाग पडला नाही ती नळी सोडवा. तोटी तार घालून मोकळी करू नका. तिचं भोक मोजून केलेलं असतं, ते मोठं झालं की सगळं तेल तिथूनच वाहून जातं. बसलेली तोटी बदलायचीच. कोणी तरी मध्येच वैतागून नळ्या तोडून ग्रीसच्या निप्पल बसवलेल्याही सापडतात. आमच्या गाडीत डाव्या बाजूला तशा दोन होत्या. चालतं, फक्त त्या आठवणीने वेगळ्या भराव्या लागतात. ग्रीस मात्र या नळ्यांत चुकूनही घालू नका.

गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचं तेल आत्ताच बदला, गाडी वर आहे तोवर. पॅकार्डने हायपॉइड पद्धतीचे गिअर १९२६ मध्येच घेतले. त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट खाली येतो आणि गाडी बुटकी दिसते, पण दाते एकमेकांवर घासत फिरतात. तिथे हायपॉइडसाठीचंच तेल हवं. गिअरबॉक्समध्ये मात्र ब्राँझचे बुश असू शकतात, तिथे जीएल-५ दर्जाचं हायपॉइडचं तेल टाळा.

पेट्रोल

जुन्या टाकीतलं पेट्रोल उघडलं की वार्निशसारखा वास येतो. ते सगळं काढून टाका, टाकी उतरवा, आत टॉर्च टाका. गंज असेल तर टाकी साफ करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. "फिल्टर आहे ना मध्ये" हे वाक्य मी स्वतः बोललो होतो, आणि पुढे तो फिल्टर दर दहा मिनिटांनी काढत बसलो होतो.

१९३० च्या सुमारास पेट्रोल वर खेचायच्या दोन पद्धती होत्या. जुनी म्हणजे बोनेटखालची व्हॅक्यूमची टाकी: इंजिनाच्या ओढीने पेट्रोल मागून तिच्यात येतं, तिथून उताराने कार्बोरेटरमध्ये. नवी म्हणजे यांत्रिक पंप. तुमच्या गाडीवर काय आहे ते पाहा, कारण मागच्या मालकांनी एकाच्या जागी दुसरं बसवलेलं असतं. व्हॅक्यूमची टाकी असेल तर पहिल्यांदा तिच्यात पेलाभर पेट्रोल हाताने भरावं लागतं, नाहीतर सेल्फ मारत राहाल आणि थेंब येणार नाही. पंप असेल तर आतला पडदा नवा घाला, इथेनॉल सोसणारा.

इथेनॉलचं दुखणं खरं आहे. अमेरिकेत बहुतेक पंपांवर दहा टक्क्यांचं मिश्रण मिळतं, भारतात आता वीस टक्क्यांचं. जुनं रबर, बुचाचा फ्लोट, त्याच्यावरचं शेलॅक, सगळं त्याने मऊ पडतं. मिशिगनमध्ये तळ्यांकाठी, जिथे बोटवाले पेट्रोल भरतात, तिथे बिनइथेनॉलचं मिळतं. महाग आहे, पण ही गाडी महिन्यातून कितीदा निघणार?

वीज, आणि माझी फजिती

सहा व्होल्ट. पॉझिटिव्ह अर्थ. हे दोन शब्द खडूने शेडच्या भिंतीवर लिहून ठेवा.

मी लिहिले नव्हते. सवयीने बॅटरीची निगेटिव्ह चासीला लावली. गंमत अशी की सेल्फ व्यवस्थित फिरला, योग्य बाजूलाच फिरला. या सेल्फच्या मोटरला वायर उलटी लावली तरी ती त्याच दिशेने फिरते, म्हणून चूक लक्षातच येत नाही. नंतर अँपिअर मीटर उलटा बोलायला लागला: दिवे लावले की काटा चार्जकडे. कटआउट, म्हणजे डायनामो आणि बॅटरी आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, थडथडायला लागला आणि त्याच्या पॉइंटमधून ठिणग्या. मी धावत जाऊन केबल काढली. ती घटकाभर उशिरा निघाली असती तर पॉइंट चिकटले असते आणि डायनामो गेला असता.

बॅटरी सरळ लावल्यावर डायनामोला त्याची दिशा पुन्हा "सांगावी" लागते. कटआउटवर बॅटरीचं आणि डायनामोचं अशी दोन टोकं असतात, इंजिन बंद असताना त्यांना वायरचा तुकडा क्षणभर टेकवायचा. एक चिमुकली ठिणगी, बस. वायर धरून ठेवायची नाही. डायनामो नवा भरून आला असेल, बराच काळ पडून असेल, तरी हे करूनच घ्या.

सहा व्होल्टच्या गाड्यांना "सेल्फ कमजोर" म्हणून नावं ठेवली जातात. नव्वद टक्के वेळा दोष केबलचा असतो. व्होल्ट निम्मे म्हणजे त्याच कामाला करंट दुप्पट, आणि दुकानात मिळणारी बारा व्होल्टची केबल तेवढा वाहू शकत नाही. दोन शून्य गेजची जाड केबल घ्या. अर्थची केबल रंगावर नाही, घासलेल्या धातूवर बसवा. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या खुंटीपासून सेल्फच्या टोकापर्यंत मल्टिमीटर लावा. अर्धा व्होल्टसुद्धा तिथे हरवत असेल तर गाडीला आणखी बॅटरी नाही, स्वच्छ जोड हवा आहे. जुन्या कापडी वायरी वाकवून बघा. सोलली गेली तर सगळं हार्नेस बदलायचं. या गाडीत फ्यूज फार थोडे आणि सांगाडा लाकडाचा.

डेल्को उघडा. आपल्याकडे डिस्ट्रिब्युटरला सरसकट डेल्को म्हणतात, ते नाव ओहायोतल्या डेटनच्या कंपनीचं. तिथल्याच चार्ल्स केटरिंगने १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फ दिला. अमेरिकन मेकॅनिकला मी "डेल्को काढू का?" विचारलं तर कंपनीचं नाव घेऊन हा काय काढणार, असं तो बघत राहिला. आठ सिलिंडरच्या अनेक डेल्कोत पॉइंटच्या दोन जोड्या असतात, आळीपाळीने चार-चार सिलिंडरला ठिणगी देणाऱ्या. नुसती फट सारखी ठेवून भागत नाही, दोन्ही जोड्या बरोबर अंतराने उघडल्या पाहिजेत, नाहीतर निम्मं इंजिन पुढे आणि निम्मं मागे. कंडेन्सर नवा घाला. फायरिंग ऑर्डर १-६-२-५-८-३-७-४, एक नंबर रेडिएटरच्या बाजूचा.

इंजिन सोडवणं

इथून खरा संयम. ७३३ चं इंजिन ३१९ घन इंचांचं, म्हणजे सव्वापाच लिटरच्या आसपास. आठ सिलिंडर एका ओळीत, नऊ मेन बेअरिंग, कंपनीने सांगितलेली ताकद ९० अश्वशक्ती. व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकच्या बाजूला आहेत. चालतं तेव्हा इतकं गुळगुळीत चालतं की बोनेटवर नाणं उभं करायचा मोह होतो. पण अडकलं असेल आणि कोणी दांडगाईने हँडल मारलं, तर वाकलेला व्हॉल्व्ह किंवा तुटलेली रिंग ठरलेली.

आठही प्लग काढा. प्रत्येक भोकात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून दोन चमचे घाला. असं चार-पाच दिवस. ॲसिटोन पेटतं, त्यामुळे शेडमध्ये बिडी-सिगारेट नको. दरम्यान टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह वर ढकलणाऱ्या दट्ट्यांची, बाजूची झाकणं उघडा. व्हॉल्व्हच्या दांड्या दिसतात. त्यांनाही तेल पाजा. मग हँडल लावा आणि फक्त मनगटाच्या जोराने पुढे-मागे करा. हललं की थांबा, टॅपेटकडे बघत आणखी अर्धा फेरा द्या. एखादा टॅपेट खाली गेला आणि त्याच्यावरचा व्हॉल्व्ह वरच राहिला तर तो अडकला आहे. तिथे आणखी तेल, लाकडी दांडक्याने हलकी टिचकी आणि आणखी एक दिवस. आमचे तीन अडकले होते, तिसरा नऊ दिवसांनी सुटला.

आता चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवा. हे टाळायला सगळ्यांना आवडतं. खाली काळ्या लोण्यासारखा गाळ बसलेला असतो, बोटभर जाड. त्याच्यावर नवं डिटर्जंट ऑइल ओतलं की तो सुटतो आणि पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड व्हाइट मेटलच्या, म्हणजे मऊ धातूच्या बेअरिंगवर चालतात, तेल थांबलं की मिनिटांत खेळ संपतो. गाळ खरवडा, जाळी धुवा, नवं पॅकिंग घाला. त्यानंतर साधं तीस नंबरचं ऑइल.

पाण्याकडेही बघा. ब्लॉकच्या मागच्या टोकाला गाळ साठतो आणि शेवटचे दोन सिलिंडर तापतात. उलट्या दिशेने पाणी सोडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. वॉटर पंपाला आजच्यासारखं सील नाही, ग्राफाइटची दोरी आहे. तिचा नट इतकाच आवळा की अधूनमधून एक थेंब पडत राहील. पूर्ण कोरडा केला तर दोरी शाफ्ट खाते.

प्लग बाहेरच ठेवून सेल्फ दहा-दहा सेकंद मारा, मध्ये मिनिटभर विसावा. ऑइलच्या गेजचा काटा उठेपर्यंत. मग कॉम्प्रेशन मोजा. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो पाचच्या जवळपास, त्यामुळे आजच्या गाडीसारखा दीडशेचा आकडा शोधू नका. आठही आकडे एकमेकांजवळ आहेत का, एवढंच बघायचं.

सुरू करताना

शेडचं दार उघडं. आग विझवायचं सिलिंडर हाताशी. गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना लाकडी ठोकळे. प्लगा बसवा, वायरी एकदा फायरिंग ऑर्डरप्रमाणे मोठ्याने म्हणत तपासा. ठिणगी मागेपुढे करायचा खटका असेल तर तो मागे. चोक ओढा, सेल्फ मारा.

हँडलनेच मारायची हौस असेल तर अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवा, मुठीत पकडू नका, आणि फक्त वर ओढा. उलटा झटका आला तर हँडल हातातून सुटेल. अंगठा आडवा असला तर मोडेल.

आमची चौथ्या प्रयत्नाला बोलली. आधी दोन सिलिंडर, मग पाच, मग एकदम सगळी. आणि त्याच क्षणी सायलेन्सरमधून उंदराचं अख्खं घरटं, कापूस, भुश्श्यासकट आजोबांच्या पँटवर. सायलेन्सर आधी उघडून बघा, हे मी इथे लिहितोय ते म्हणून.

सुरू झाल्यावर ॲक्सिलरेटर मारू नका. ऑइलचा काटा बघा. दहा सेकंदांत उठला नाही तर बंद. उठला तर वीस मिनिटं सावकाश चालू द्या, पाणी तापेपर्यंत. आजूबाजूला वाकून वाकून बघा: पेट्रोल कुठे झिरपतंय, पाणी कुठे. गार झाल्यावर हेडचे नट मधून बाहेर अशा क्रमाने एकदा पुन्हा आवळा.

रस्त्यावर

या सिरीजच्या गिअरबॉक्सला चार गिअर आहेत, पण पहिला चिखलासाठी आणि चढासाठी. सपाट रस्त्यावर दुसऱ्यावरच सुटायचं. सिंक्रोमेश नाही, त्यामुळे प्रत्येक गिअरला डबल क्लच: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, परत दाबा, गिअर. खाली येताना न्यूट्रलमध्ये थोडा ॲक्सिलरेटर. इथल्या तरुण मुलांना हे शिकवायला आठवडा जातो. जुनी एसटी किंवा ट्रक चालवलेल्या माणसाला एका चौकात येईल.

पहिली फेरी रिकाम्या पार्किंगमध्ये, पंधरा मैलांच्या वेगाच्या आत. रस्त्यावर मीठ टाकलेलं असेल त्या दिवसांत नकोच. मिशिगनमध्ये मी एप्रिलचे दोन-चार मोठे पाऊस होऊन जाईपर्यंत थांबतो. पुढच्या गाडीपासून आजच्या सवयीपेक्षा तिप्पट अंतर ठेवा. मागच्याला तुमचा ब्रेकचा दिवा दिसेलच असं नाही, हात बाहेर काढून खूण करा.

पाच मैलांनी थांबून चारही हब हाताच्या मागच्या बाजूने चाचपा. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथला ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग आवळलंय. मग हे टिपून ठेवा आणि त्याच रस्त्याने परत या, नवा रस्ता धरू नका.

आम्ही मेच्या दुसऱ्या रविवारी निघालो. आजोबा शेजारी, हूड खाली, ऊन बऱ्यापैकी. चर्चच्या पार्किंगला तीन चकरा मारल्या, प्रत्येक चकरीच्या शेवटी पेडल दाबून पूर्ण थांबलो. पुढचा डावा हब कोमट होता, बाकी तीन गार.

रात्री आण्णांचा फोन आला. सुरू झाली का, हे त्यांनी विचारलंच नाही.

"थांबती काय?"

"थांबते. थोडी डावीकडे ओढते."

"मग उद्या चाक काढ परत. डावा घासतोय तो सैल कर, आणि उजव्याची सळी मागं टेकलीया का बघ. पट्टी लावून बघ, अंदाजानं नको."

बघितली. पाव इंच पुढे होती.